बाळाची स्लीपिंग बॅग : नागपूरच्या घरांत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात हा विषय निघतो तो दिवाळी आटोपल्यावर. पहाटे पंखा बंद करावा लागतो, माळ्यावरच्या रजया उन्हात पडतात, आणि घरात तान्हं बाळ असेल तर कुणीतरी विचारतंच, "त्या स्लीपिंग बॅगा म्हणतात त्या घ्यायच्या का?" माझं पहिलं लेकरू ऑक्टोबरचं आणि दुसरं एप्रिलचं, त्यामुळे दोन्ही ऋतूंतल्या चुका करून झाल्या आहेत. शेजारपाजारच्या नव्या आयांनी गेल्या काही वर्षांत विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

स्लीपिंग बॅग म्हणजे दुकानात टोपीवाली गादीसारखी पिशवी मिळते तीच का?

नाही, आणि पहिला घोळ इथेच होतो. आपल्याकडच्या बाजारात "बेबी स्लीपिंग बॅग" मागितली की बहुतेक वेळा एक जाड, मऊ, कापूस किंवा फोम भरलेली पिशवी समोर येते. तिला टोपी असते, पुढून चेन असते आणि बाळ त्यात पूर्ण आत जातं. ती बाळाला दवाखान्यातून घरी आणायला, बारशाला मिरवायला किंवा कुणाच्या हाती द्यायला ठीक आहे. रात्रभर झोपवण्यासाठी ती नाही. बाळ आत खाली सरकतं, टोपी तोंडावर येते आणि मऊ कडा नाकाशी येतात.

या पानावर जिच्याबद्दल बोलतोय ती बॅग अंगात घालायची असते. बिनबाह्यांचं झबलं खाली पायांशी पिशवीसारखं बंद केलंय असं समजा. गळा आणि काखा अंगाबरोबर बसतात, हात बाहेर असतात, डोकं उघडं असतं आणि खालचा घेर इतका रुंद असतो की बाळाला पाय मनसोक्त झाडता येतात. दुकानदाराला "घालायची, बिनबाह्यांची, टोपी नसलेली" असं स्पष्ट सांगा. तरीही टोपीवालीच दाखवली तर पुढचं दुकान बघा.

पांघरुणाने काय बिघडतं? आम्ही सगळे गोधडीतच वाढलो.

वाढलो खरं. पण तेव्हा घरात रात्री दोनदा उठून बघणारी आजी होती, आणि ज्या लेकरांचं काही बरंवाईट झालं त्यांच्याबद्दल कुणी फारसं बोललं नाही.

तान्ह्या बाळाला तोंडावर आलेलं पांघरूण बाजूला करता येत नाही. कापड नाकातोंडाशी साचलं की सोडलेलाच श्वास ते पुन्हा आत घेत राहतं, आणि त्यात प्राणवायू कमी होत जातो. दुसरी गोष्ट उष्णतेची. झोपेत अचानक होणाऱ्या अर्भकमृत्यूंमध्ये, ज्याला डॉक्टर सिड्स म्हणतात, बाळाला फार गरम होणं हा धोका वाढवणारा एक घटक मानला जातो. हा धोका पहिल्या सहा महिन्यांत सर्वांत जास्त असतो. म्हणून अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ साली सुधारून दिलेल्या सूचनांमध्येही तेच आहे: बाळ उताणं, सपाट आणि घट्ट गादीवर झोपवावं, आणि जवळ उशी, सैल पांघरूण, लोड किंवा मऊ खेळणी ठेवू नयेत. पांघरूण काढलं तर ऊब कुठून द्यायची, एवढ्याच प्रश्नाचं उत्तर म्हणजे ही बॅग. ती लाथेने निघत नाही आणि तोंडावर येत नाही. बॅग घातली म्हणून बाळ जास्त वेळ झोपतं असं कुणी सांगितलं तर ते फार मनावर घेऊ नका. माझी दोन्ही लेकरं बॅगेतही दोनला उठायचीच.

बॅगेच्या लेबलवर टॉग लिहितात, ते काय?

कापड उष्णता किती अडवतं त्याचं माप. १९४० च्या दशकात मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटमध्ये ते ठरलं. इंग्रजी बोलीत कपड्यांना "टॉग्ज" म्हणतात, त्यावरून हे नाव पडलं. आकडा जितका मोठा तितकी बॅग उबदार. बाजारात साधारण ०.५, १, २.५ आणि ३.५ हे आकडे दिसतात. बाळांच्या स्लीपिंग बॅगांसाठी २००९ साली ब्रिटिश मानक आलं आणि २०१८ साली युरोपीय मानक आलं. लेबलवर त्यांचा उल्लेख असेल तर गळा, चेन, बटणं या गोष्टी तपासून घेतल्या आहेत असं धरायला हरकत नाही.

मग नागपूरच्या थंडीला किती टॉगची घ्यावी?

थोडं थांबून वाचा, कारण पैसे इथेच वाया जातात.

बॅगेच्या डब्यावरचा तक्ता इंग्लंडच्या घरांसाठी केलेला असतो. तिकडे बाळाच्या खोलीचं तापमान १६ ते २० अंश ठेवा असं सांगतात, म्हणून त्यांची नेहमीची बॅग २.५ टॉगची. तीच "विंटर बॅग" म्हणून आपल्याकडे विकली जाते. नागपूरचा पारा खाली जातो यात वाद नाही. २९ डिसेंबर २०१८ ला इथे ३.५ अंशांची नोंद झाली होती, आणि त्या आठवड्यात सगळं शहर शेकोट्यांभोवती होतं. पण तो आकडा उघड्यावरचा. डिसेंबर-जानेवारीत बाहेर किमान तापमान सरासरी १२-१३ अंश असतं आणि दुपारी तेच २८ च्या आसपास जातं. दिवसभर तापलेला स्लॅब आणि विटांच्या भिंती रात्री ती ऊब हळूहळू सोडतात. बंद खिडक्यांच्या फ्लॅटमध्ये पहाटेसुद्धा खोली बाहेरच्यापेक्षा बरीच उबदार असते. पत्र्याच्या किंवा कवेलूच्या घरात, तळमजल्यावर उत्तरेकडच्या खोलीत किंवा शहराबाहेरच्या मोकळ्या ले-आउटमध्ये मात्र गारठा आत शिरतो.

म्हणून बाहेरचा आकडा विसरा, खोलीचा बघा. खोली २४ अंशांच्या वर असेल तर ०.५ ची बॅग, आत फक्त अर्ध्या बाह्यांचं झबलं. २० ते २४ असेल तर १ टॉग, आत पूर्ण बाह्यांचा सुती कपडा आणि पायजमा. १६ ते २० मध्ये २.५ टॉग, आत तसेच पूर्ण बाह्यांचे कपडे. खोली २७ च्या वर गेली की बॅगच नको.

नागपूरच्या बहुतेक पक्क्या घरांत एक टॉगची बॅग हिवाळा काढून देते, असं माझं मत आहे. अडचण येते ती रात्रीच्या उताराची. बाळ आठला झोपतं तेव्हा खोली २३ वर असते आणि पहाटे पाचला १८ वर आलेली असते. अशा वेळी जाड बॅग घालून बाळाला पहिले चार तास घामाने भिजवण्यापेक्षा एक टॉगचीच बॅग घालावी. रात्री दूध पाजायला उठाल तेव्हा आत एक पातळ सुती थर वाढवावा, म्हणजे तासातासाला बॅग बदलायला नको. २.५ ची बॅग थंड घरासाठी, किंवा जानेवारीत चिखलदऱ्याला मुक्काम करणार असाल तर घ्या. ३.५ ची नागपुरात काही गरज नाही.

लेबलवर टॉगच लिहिलेला नाही.

आपल्याकडच्या बऱ्याच बॅगांवर नसतो. माझी पहिली बॅग ऑनलाइन घेतलेली होती. त्यावर "ऑल सीझन" एवढंच लिहिलेलं होतं, आणि हातात आली तेव्हा ती रजईसारखी फुगलेली निघाली.

हाताने अंदाज घ्या. एकेरी मलमल किंवा होजियरी म्हणजे अर्ध्या टॉगच्या आतबाहेर. दोन सुती थर आणि मध्ये पातळसं भरण, वरून टीप मारलेली, म्हणजे एकच्या जवळ. दाबल्यावर बोट रुततं आणि सोडल्यावर फुगून येते ती अडीचच्या घरातली. शंका असेल तर पातळ घ्या, कारण पातळ बॅगेत कपडा वाढवता येतो. फ्लीसची बॅग मऊ लागते खरी, पण त्यात बाळाला घाम जास्त येतो. सुती बरी.

खोलीचं तापमान मोजायलाच हवं का?

हो. भिंतीवर लावायचं साधं डिजिटल थर्मामीटर पुरतं. ते बाळाच्या गादीच्या उंचीवर ठेवा, खिडकीजवळ किंवा टीव्हीच्या वर नको. एसीच्या रिमोटवरचा आकडा म्हणजे खोलीचं तापमान नव्हे.

आमचं बाळ जन्मतः २ किलो ७०० ग्रॅम होतं. त्याला "०-६ महिने" ची बॅग चालेल?

लगेच नाही. परदेशी मापांच्या बॅगा साधारण चार किलोच्या पुढच्या बाळासाठी केलेल्या असतात. तिकडच्या बाळाचं जन्माचं वजनच साडेतीन किलोच्या आसपास असतं, त्यामुळे तिकडे "शून्य महिने" हे काही आठवड्यांत खरं ठरतं. आपल्याकडे २.५ ते ३ किलोचं बाळ हे नेहमीचं आहे. त्याला चार किलोवर यायला दीड-दोन महिने सहज लागतात. तोवर ती बॅग घातली तर गळ्यातून डोकं आत जाईल, आणि ते पांघरुणापेक्षाही वाईट.

म्हणून महिन्यांकडे बघू नका, किलोकडे बघा. आशाताई ४२ दिवसांत ज्या भेटी देतात त्यात वजन होतंच, लसीकरणाच्या वेळीही होतं. तो आकडा घेऊन दुकानात जा. बाळ अडीच किलोच्या आतलं किंवा दिवस भरण्याआधीचं असेल तर बॅगेचा विचारच सध्या बाजूला ठेवा. अशा बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरण्याची कांगारू पद्धत आणि डॉक्टरांनी सांगितलेले कपडे हेच खरं. त्याची पहिली थंडी डॉक्टरांना विचारूनच काढायची.

माप बरोबर आहे हे कसं ओळखायचं?

बॅग घालून सगळी बंद करा आणि गळ्याजवळ बोटं घाला. मान आणि कापड यांच्यामध्ये दोन बोटं जावीत, त्याहून जास्त नकोत. मग बॅगेचा गळा हळूच वर, हनुवटीकडे ओढून बघा. तोंडापर्यंत आला तर मोठी आहे. काखेतून हात आत ओढला जात असेल तरीही मोठीच. लांबीला मात्र कंजुषी नको: खांद्यापासून टाचेपर्यंत मोजा आणि दहाएक सेंटिमीटर वाढवा. "पुढच्या वर्षीही येईल" म्हणून दोन मापं मोठी घेण्याची आपली सवय स्वेटरला ठीक आहे, इथे ती अंगाशी येते.

सव्वा महिना बाळाला बाळुत्यात घट्ट गुंडाळतो. त्यावरून बॅग घातली तर?

दोन्ही एकदम नको, फार गरम होतं. गुंडाळायचं असेल तर पातळ सुती कापडात, फक्त वरचं अंग, आणि कमरेखाली सैल. पाय सरळ करून, दोन्ही टाचा जुळवून करकचून बांधण्याची जुनी रीत सोडून द्या. "पाय वाकडे होतील" या भीतीने ते केलं जातं, पण घडतं उलटच. तान्ह्या बाळाचे पाय बेडकासारखे फाकलेले आणि गुडघ्यात दुमडलेले असणं हेच त्याच्या खुब्याच्या सांध्याला हवं असतं. सरळ बांधून ठेवले तर खुब्याचा गोळा वाटीतून सरकायला मदत होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात दोष तपासतात त्यांच्या यादीत खुब्याचा हा दोषही आहे. बॅग घेतानाही खालचा घेर रुंद आहे ना, हे याचसाठी बघायचं.

आणि बाळ कुशीवर वळण्याची धडपड करायला लागलं, म्हणजे कुणाचं तिसऱ्याच महिन्यात तर कुणाचं चौथ्या महिन्यात, की त्या दिवसापासून गुंडाळणं बंद. गुंडाळलेलं बाळ पालथं झालं तर हात टेकवून मान वळवता येत नाही. बॅगेत हात मोकळे असल्याने तिथून पुढे बॅग कामाची.

हात बाहेर राहतात, ते गार पडतात. बाळाला थंडी वाजत नसेल का?

तान्ह्या बाळाचे तळहात आणि तळपाय गारच लागतात, रक्ताभिसरण अजून पक्कं झालेलं नसतं. त्यावरून काही ठरवू नका. मानेच्या मागे किंवा छातीवर हात ठेवा. तिथे कोमट आणि कोरडं लागलं तर सगळं ठीक. ओलसर लागलं, केस चिकटले, गाल लाल झाले, तर एक थर कमी करा. तिथेही गार लागलं तर वाढवा. बाळ मोठ्यांसारखं कुडकुडत नाही. पाठीत आणि मानेजवळ असलेल्या एका खास चरबीतून ते ऊब तयार करतं. म्हणून "कुडकुडत नाही, म्हणजे बरं आहे" हा हिशेबही चुकीचा. काखेत लावलेल्या थर्मामीटरवर ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सियस हे नेहमीचं.

आजी म्हणतात टोपरं घालाच.

आमच्याकडेही हेच. "लेकराले थंडी लागून राहिली न वं, टोपरं घाल!" रात्री दहाला मी काढायचे आणि साडेदहाला ते परत डोक्यावर असायचं.

बाहेर नेताना, अंघोळीनंतर, पहाटे अंगणात, टोपरं आणि कुंची जरूर घाला. घरात झोपताना नको. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं आणि जास्तीची उष्णता ते बरीचशी तिथूनच सोडतं. ती वाट बंद केली की बॅगेतली सगळी ऊब आत अडकते. शिवाय टोपरं सरकून नाकावर येतं, नाडी गळ्याशी राहते. आजींना वाद घालून पटत नाही. मी त्यांचा हात बाळाच्या मानेमागे ठेवला आणि विचारलं, गार लागतंय का? त्यांनीच टोपरं काढलं. अगदी जन्मल्यानंतरचे पहिले तास आणि कमी वजनाची बाळं यांची गोष्ट वेगळी, तिथे दवाखान्यातले सांगतील तसं करा.

खोलीत शेगडी ठेवली तर बॅगच लागणार नाही ना?

कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीही नाही. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला काही कळायच्या आत तो जीव घेतो. बाळंतिणीचा शेक, बाळाची धुरी, जे काही घरात चालतं ते दारं-खिडक्या उघडी असताना आणि जागेपणी, आणि तान्ह्याला धुरापासून लांबच ठेवा. विजेचा हीटर लावायचाच तर झोपण्यापूर्वी खोली थोडी उबवून बंद करा. रात्रभर हीटर आणि वर बॅग, हे बाळाला भाजून काढणं आहे.

उन्हाळ्यात बॅग लागते का?

कूलरच्या घरात नाही. मे महिन्यात ४५ अंशांचा दिवस गेल्यावर रात्रीही भिंती तापलेल्याच असतात. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी हवा गार लागते, पण दमट असते. एक बिनबाह्यांचं सुती झबलं आणि लंगोट, बास. कूलरचा झोत थेट अंगावर नको, भिंतीकडे वळवा. माझं एप्रिलचं बाळ सप्टेंबरपर्यंत बॅगेशिवायच राहिलं.

एसीच्या घरात ०.५ ची बॅग उपयोगाची. एसी २५-२६ वर ठेवा, आत पातळ झबलं. एक लक्षात असू द्या: उन्हाळ्यात नागपुरात रात्री वीज जाते आणि बंद खोली पंधरा-वीस मिनिटांत तापते. इन्व्हर्टरवर पंखा फिरेल, एसी चालणार नाही. वीज गेली की उठून आधी बाळाची चेन उघडायची.

पावसाळ्यातही बहुतेक रात्री बॅगेची गरज पडत नाही. खरं सांगायचं तर वर्षातले सात-आठ महिने ती कपाटातच असते, म्हणून बाळ कोणत्या महिन्यात जन्मलं त्यावरून खरेदी ठरवा. ऑगस्टचं बाळ डिसेंबरात चार महिन्यांचं, वळायला लागलेलं आणि वजनात बसणारं असतं. त्याला बॅग सर्वांत उपयोगी. नोव्हेंबर-डिसेंबरचं बाळ चार किलोवर येईपर्यंत संक्रांत उलटून जाते. त्याच्यासाठी पहिल्या हिवाळ्याची महागडी बॅग घेऊ नका.

डासांपासून बचाव होतो?

पायांचा होतो, हातांचा आणि तोंडाचा नाही. मच्छरदाणी लावा, आणि तिच्या कडा गादीखाली ताणून खोचा म्हणजे जाळी बाळावर सैल पडणार नाही. डास चावतात म्हणून जाड बॅग घालणं हा उपाय नव्हे.

झोळीत किंवा पाळण्यात बॅग घालून झोपवलं तर?

सपाट तळाच्या पाळण्यात चालेल. साडीच्या झोळीत बाळाची पाठ गोल होते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. बॅग असली की ते आणखी खाली घसरतं. झोळीत डोळा लागला तर उचलून सपाट जागी ठेवा. उठेल, रडेल, हे मला माहीत आहे.

आमचं बाळ आमच्याजवळच, एकाच पलंगावर झोपतं.

बहुतेकांचं झोपतं. डॉक्टरांचा सल्ला असा की किमान पहिले सहा महिने बाळ आईबापांच्याच खोलीत असावं, पण त्याची झोपायची जागा वेगळी असावी. पलंगाला लागून लाकडी पाळणा ठेवला तर दोन्ही साधतं. तरीही जवळ घेतलंत तर बॅग घातलेल्या बाळावर तुमची रजई येऊ देऊ नका. तुमच्या अंगाची ऊब, बॅग आणि वर रजई असे तीन थर होतात. जवळ झोपताना बॅग पातळ घ्या किंवा काढून टाका. ज्याने दारू घेतली आहे, तंबाखू ओढतो किंवा झोपेची गोळी घेतली आहे, त्याच्या शेजारी बाळ नको. सोफ्यावर तर कुणाच्याच शेजारी नको.

वजन भरलेल्या बॅगा येतात, त्याने बाळ शांत झोपतं म्हणे.

घेऊ नका. छातीवर वजन ठेवून बाळाला शांत करणं याला बालरोगतज्ज्ञांचा स्पष्ट विरोध आहे.

रेल्वेत किंवा गाडीत?

विदर्भ एक्स्प्रेसने रात्रभर मुंबईला जाताना एसी डब्यात एक टॉगची बॅग फार कामाची ठरली. रेल्वेची चादर-ब्लँकेट बाळावर टाकावी लागली नाही. खालचा बर्थ घ्या, बाळ भिंतीच्या बाजूला. कारमध्ये बाळाच्या सीटवर बॅग घालून बसवू नका. पट्टा पायांमधून नीट जात नाही आणि जाड कापडामुळे ढिला राहतो. आधी पट्टा लावा, मग वरून पातळ दुपटं कमरेपर्यंत. स्कूटरवर बाळ बॅगेत घेऊन जाणारे लोक मी रस्त्यावर पाहिले आहेत. त्याबद्दल काय बोलायचं.

शिवून घेता येईल का?

येईल, आणि नागपुरात ते सोपं आहे. गांधीबाग-इतवारीत हवं तेवढं होजियरी आणि मलमल मिळतं. कापड आधी धुऊन आटवून घ्या. आतला थर होजियरी, बाहेरचा मलमल किंवा आजीची जुनी, विरायला न आलेली सुती साडी. मध्ये भरण घालायचं तर पातळ, आणि चौकड्या टिपा मारून. रजईचा मोकळा कापूस घातला तर दोन धुण्यांत त्याचे गोळे होतात. गळा मानेचा घेर अधिक दोन बोटं, डोक्याच्या घेरापेक्षा नक्कीच कमी. शिंप्याला हे पटत नाही, तो म्हणतो "डोक्यातून घालायचं कसं?" डोक्यातून घालायचंच नाही, खांद्यावर टिच बटणं लावायची. नाडी, लटकण, मोती, टिकल्या काही नको. टिच बटण बोटाने जोरात ओढून बघा, सुटलं तर बाळाच्या तोंडात जाईल. चेन खालून वर उघडणारी असली तर लंगोट बदलायला बरी. तिच्या वरच्या टोकाला कापडाची चिमटी हवी, नाहीतर हनुवटी चिमटते.

किती घ्याव्यात, धुवायच्या कशा?

हिवाळ्यात दोन, एक अंगावर आणि एक वाळत. नागपूरच्या डिसेंबरातल्या उन्हात दुपारपर्यंत कोरडी होते. मालिशच्या तेलाने गळा पिवळा पडतो, तिथे आधी थोडा साबण चोळून ठेवा. धुताना चेन बंद ठेवा, दाते टिकतात.

ताप आला तर बॅग घालायची?

नाही. तापलेल्या अंगाला उष्णता बाहेर टाकू द्या, पातळ कपडे ठेवा आणि दूध वारंवार पाजा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश किंवा वर ताप असेल तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.

कधीपर्यंत वापरायची, आणि बहिणीची जुनी आणली तर चालेल?

चालायला लागलं की बाळ बॅगेत उभं राहून पडतं, तेव्हा पाय बाहेर निघणारी घ्या किंवा सोडून द्या. बरीच मुलं दोन-अडीच वर्षांपर्यंत घालतात. पाळण्याच्या कठड्यावरून उतरायला लागली की थांबवा.

जुनी जरूर घ्या, आपल्याकडे तान्ह्या बाळाला जुनं कापड घालायची रीत आहेच. फक्त गळा सैल झालाय का, काखेची शिवण उसवलीय का, चेनचे दाते नीट बसतात का आणि एखादं टिच बटण हलतंय का हे उजेडात बघा. भरण एका बाजूला जमा झालं असेल तर ती झोपायला देऊ नका. माझ्या दोन्ही लेकरांची एक टॉगची बॅग अशीच आधी भावाकडे आणि मग शेजारच्या घरी गेली. यंदा परत आली तेव्हा चेन बिघडलेली होती. ती उसवून नवी टाकायला शिंप्याकडे दिली आहे.